पद्मिनीच्या पायांत काय घालावं?

गाडीच्या मालकाची हौस सगळ्यात आधी चाकांत दिसते. कारण साधं आहे. रंग बदलायचा तर आठवडे जातात आणि आरटीओत कळवावं लागतं. इंजिन बदलायचं तर त्याहून मोठा खटाटोप. चाकांना मात्र जॅक, पाना आणि अर्धा तास पुरतो. पत्रा कापावा लागत नाही, कुणाला विचारावंसंही वाटत नाही. म्हणून जुन्या गाडीचा फोटो समोर आला की दिवे, जाळी, बोनेटवरचं नाव हे सगळं मी नंतर बघते. आधी खाली बघते. कारखान्याचं म्हणणं तिथे संपतं आणि मालकाचं सुरू होतं.

सध्या हा प्रश्न घरातूनच समोर आलाय. विलेपार्ले पूर्वेला आमच्या इमारतीच्या मागच्या अंगाला आजोबांची प्रीमियर पद्मिनी उभी असते. फिकट पिस्ता रंगाची, १९७८ची. गेली बारा वर्षं ती माझा मावसभाऊ सांभाळतो. इमारत रीडेव्हलपमेंटला निघालीय, पावसाळा संपला की रिकामी करायची आहे. गाडी टो करून न्यायची नाही, ती स्वतःच्या चाकांवर फाटकाबाहेर पडली पाहिजे, असं घरात ठरलंय. पण चारही लोखंडी रिम गंजलेत आणि दोघांच्या कडा वाकल्यात. मावसभावाला अलॉय हवेत. त्यानं घरच्या ग्रुपवर तीन डिझाइनचे फोटो टाकून मत मागितलं आणि भराभर अंगठे पडले. तिन्ही फोटोंवर, सारख्याच उत्साहानं. मला जरा सविस्तर उत्तर द्यावंसं वाटलं.

आपल्याकडे समीक्षा म्हटलं की पुस्तक, नाटक, सिनेमा, फार तर चित्रप्रदर्शन. रोज डोळ्यांसमोर असणाऱ्या वस्तू त्यातून सुटतात. रोलाँ बार्थ या फ्रेंच समीक्षकानं सित्रोएनच्या डीएस या गाडीवर लिहिलेला छोटा लेख त्याच्या १९५७च्या ‘मिथॉलॉजीज’मध्ये आहे. मोटारीला त्यानं थेट गॉथिक कॅथीड्रलांच्या रांगेत बसवलं होतं. आपली पद्मिनीही कित्येक लेखांत येते, पण त्यात असते लोणावळ्याची सहल, घाटात तापलेलं इंजिन, मागच्या सीटवर कोंबलेली सात माणसं. गाडीचा आकार कसा आहे, तो डोळ्याला बरा का वाटतो, हे त्यात क्वचितच येतं. आणि आकाराबद्दल बोलल्याशिवाय चाकांबद्दल बोलता येत नाही.

तर आकार. पद्मिनी मुळात फियाटची. इंजिनिअर दान्ते जाकोसा यांच्या देखरेखीखाली घडलेली फियाट ११००/१०३ इटलीत १९५३ला आली आणि पुढच्याच वर्षी कुर्ल्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात दाखल झाली. ही कंपनी वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये काढलेली. त्या गोलमटोल गाडीला मुंबईनं ‘डुक्कर फियाट’ असं नाव दिलं. प्रेमानंच. १९६४मध्ये तिच्या जागी ‘११०० डी’ आली. रेषा सरळ झाल्या, काचा मोठ्या झाल्या, मागच्या बाजूला अमेरिकन गाड्यांसारखे दोन पंख आले, पण अगदी लाजत लाजत, बोटभर उंचीचे. हीच गाडी १९७३ला ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४पासून ‘प्रीमियर पद्मिनी’. इटलीत ११०० डी चार वर्षांत, १९६६ला, पुढच्या मॉडेलनं बाजूला सारली. आपल्याकडे ती विसावं शतक संपेपर्यंत बनत राहिली.

या गाडीच्या टायरचा मूळ आकडा ५.२०-१४. म्हणजे टायरची रुंदी ५.२ इंच आणि रिम १४ इंचांचा. जुन्या पद्धतीच्या टायरची उंची रुंदीच्या जवळपास तेवढीच असते, त्यामुळे रिमच्या वर पाच इंच आणि खाली पाच इंच रबर येतं. चाकाची एकूण उंची साधारण २४ इंच. बाजूनं बघितलं तर चाकाच्या वर्तुळाचा जेमतेम तिसरा हिस्सा धातू, बाकी सगळं काळं रबर. त्या धातूतही चमकतो तो फक्त मधला व्हीलकॅप, बशीसारखा सपाट, छोटा. आता वर बघा. बारीक खांब, उंच काचा, अरुंद अंग, गोल दिवे, त्यांच्याभोवती पातळ क्रोमची कडी. दिव्याचं वर्तुळ आणि व्हीलकॅपचं वर्तुळ एकमेकांना शोभणाऱ्या मापाची आहेत. या गाडीत मोठ्यानं बोलणारं काहीच नाही. १०८९ सीसीचं, चाळीसेक अश्वशक्तीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर. जोर करायला तिच्याकडे फारसं काही नव्हतंच आणि तिचं रूपही तसा आव आणत नाही.

मावसभावाच्या पहिल्या फोटोत १६ इंची अलॉय आहेत. दहा दुहेरी काड्या, पाठीमागे काळा रंग, पुढचा पृष्ठभाग लेथवर कापून आरशासारखा केलेला. बाजारात याला ‘डायमंड कट’ म्हणतात. सोबत १८५/५५चे टायर. गंमत अशी की या चाकाची एकूण उंची जुन्याइतकीच भरते, २४ इंच. स्पीडोमीटर चुकणार नाही, गाडी उंच-बुटकी होणार नाही. मावसभावानं हे सगळं नीट मोजलंय, तो काही उचलली आणि बसवली अशातला नाही. पण रबर पाच इंचांवरून चार इंचांवर आलं आणि धातूचं क्षेत्रफळ ३४ टक्क्यांवरून ४४ टक्क्यांवर गेलं. कागदावर दहा टक्के. डोळ्याला मात्र सबंध गाडीच बदललेली दिसते. एवढ्या भरगच्च चाकांवर पद्मिनीचं अंग अचानक किरकोळ वाटायला लागतं, खेळण्यातल्या गाडीसारखं. बोटभर पंख दिसेनासे होतात. दिवे बारीक वाटतात. नजर खालीच अडकून राहते.

आणखी एक गोष्ट फोटोत कळत नाही, प्रत्यक्षात कळते. बारीक काड्यांची उघडी चाकं आजच्या गाड्यांना शोभतात, कारण काड्यांमागे बघण्यासारखं काहीतरी असतं. मोठी चकचकीत डिस्क, तिला धरणारा कॅलिपर, क्वचित लाल रंगवलेला. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. काड्यांच्या फटींतून दिसणार तो एक छोटा, तपकिरी, लोखंडी डबा. दिवाणखान्याचा भारी पडदा सरकवावा आणि मागे मोरी निघावी, तसं.

पार्ल्यात राहणाऱ्यांना या चुकीचं दुसरं रूप ओळखीचं आहे. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या आपल्या दोन-तीन मजली इमारतींना लाकडी खिडक्या होत्या. जाड चौकट, झडपा, वरती छोटी झरोक्याची काच. दुरुस्ती निघाली की त्या काढून ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग बसवल्या गेल्या. पाऊस आत येत नाही, वाळवी लागत नाही, साफ करायला सोपं. सगळे फायदे खरे. पण भिंतीत खोल सावलीचा चौकोन होता तिथे एक सपाट चकाकणारा तुकडा आला आणि इमारतीचा चेहरा गेला. हनुमान रोडवरून चालताना ज्या मोजक्या जुन्या इमारती अजून चांगल्या दिसतात, त्यांचं अर्धं श्रेय न बदललेल्या खिडक्यांना द्यावं लागेल. तिथेही ॲल्युमिनियमच, इथेही ॲल्युमिनियमच. धातूचा मात्र काही दोष नाही. नव्या मापाची वस्तू जुन्या मापाच्या चौकटीत बसवली की हे होतं.

दुसरा फोटो सोनेरी जाळीच्या, खोल ताटासारख्या चाकांचा. लग्नात नवरदेवासाठी भाड्यानं द्यायची गाडी असेल तर हरकत नाही. पुढे जाऊ.

तिसऱ्या फोटोनं मला विचारात पाडलं. आठ आखूड, जाडसर काड्या, मळकट करडा रंग, १४ इंच. ‘जुन्या गाडीला अलॉय नकोच’ असं एका वाक्यात म्हणून मोकळं होता येत नाही ते या चाकामुळे. कारण अलॉय ही काही कालची गोष्ट नाही. बुगाटीच्या टाइप ३५ या रेसच्या गाडीला १९२४मध्ये ओतीव ॲल्युमिनियमची चाकं होती, आठ चपट्या काड्यांची, ब्रेकच्या ड्रमसकट एकाच तुकड्यात ओतलेली. वजन कमी व्हावं, ब्रेक गार राहावा, यासाठी. साठच्या दशकात ब्रिटनमध्ये मिनी गाडीच्या रॅलींतून ‘मिनिलाइट’ नावाचं आठ काड्यांचं मॅग्नेशियमचं चाक प्रसिद्ध झालं. आपल्याकडे जुने गॅरेजवाले अलॉयला अजून ‘मॅग व्हील’ म्हणतात, ते या मॅग्नेशियमवरून. खुद्द इटलीत क्रोमोदोरा नावाची कंपनी फियाटच्या गाड्यांसाठी हलकी चाकं बनवत होती. म्हणजे पद्मिनीच्या माहेरी, तिच्याच पिढीत, ही फॅशन होती. कुर्ल्यात ती पोचली नाही, कारण कुर्ल्यात तेव्हा गाडी मिळणं हीच मोठी गोष्ट होती. नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबायचे. मिळालेल्या गाडीची चाकं कसली आहेत यावर कोण हुज्जत घालणार?

आठ काड्यांचं चाक पद्मिनीखाली का चालतं? त्याच्या काड्या जाड आणि फटी लहान, त्यामुळे मागचा ड्रम झाकला जातो. माप १४च, म्हणजे पाच इंचांचं रबर शाबूत. आणि चकाकी नाही. त्याचं रूप कामातून आलेलं आहे, जसं पद्मिनीचंही आलेलं आहे. दोघी एका भाषेत बोलतात, जरी बोली जरा वेगळी असली तरी.

इथे घरातल्या ज्येष्ठांचा आक्षेप येतो: पण ते ओरिजिनल नाही ना. हा आक्षेप दिसतो त्याहून गुंतागुंतीचा आहे.

कायद्याचं बघू. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं जुलै २०२१मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी नियम काढले. पन्नास वर्षांवरची गाडी, मूळ स्वरूपात ठेवलेली, चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरबदल नसलेली. अशा गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, आणि मग ती रोजच्या वापरात काढता येत नाही, प्रदर्शन-रॅलीपुरतीच. आमच्या गाडीला पन्नास पूर्ण व्हायचीत. पण व्याख्या वाचताना लक्षात येतं की चासी, बॉडी, इंजिन यांची नावं आहेत, चाकाचं नाव नाही. झिजणारी, बदलणारी वस्तू म्हणून चाक ‘मूळ’च्या वेशीबाहेर राहिलं असावं. जुन्या गाड्यांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय संघटनेची तुरिन सनद आहे. वास्तुसंवर्धनाच्या व्हेनिस सनदेवर बेतलेली. त्या विचारात गाडीच्या उमेदीच्या काळात झालेला बदल आणि हल्ली हौसेनं केलेला बदल यांच्यात फरक केला जातो. पहिला तिच्या इतिहासाचा भाग, दुसरा आपला. मला हा फरक पटतो. पण आपल्या पद्मिनीला लावायला गेलं की तो डळमळतो.

कारण मुंबईची पद्मिनी मुख्यतः टॅक्सी होती. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि टॅक्सींची वीस वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ला रस्त्यावरून हटली. तेव्हा सगळ्यांनी हळहळून फोटो टाकले. मला आठवतात त्या टॅक्सींना व्हीलकॅप नसायचेच. उघडे रिम, पासिंगच्या आधी घाईघाईत मारलेला चंदेरी रंग, त्याचे ओघळ टायरवर. मीटर दुसऱ्या जमान्यातला, आरसा तिसऱ्या गाडीचा, पुढे सीएनजीची टाकी डिकीत आल्यावर सामानाची जागाही गेलेली. लाखो लोकांनी जी पद्मिनी पाहिली, वापरली, ती ही. ओरिजिनल कुठली मग? कुर्ल्याच्या फाटकातून बाहेर पडलेली, की पुढची वीस-पंचवीस वर्षं शहरानं ठोकून-रंगवून आपलीशी केलेली? २०१५च्या सुमारास ‘टॅक्सी फॅब्रिक’ उपक्रमात तरुण डिझायनरांनी टॅक्सींच्या सीट आणि छतं चित्रांच्या कापडानं मढवली होती. तेव्हा ‘हे ओरिजिनल नाही’ अशी ओरड माझ्या कानावर तरी आली नाही. डिझायनरनं केलं की कला, मावसभावानं केलं की हौस.

मग आमच्या घरात ओरिजिनलचा एवढा आग्रह का? माझा अंदाज सांगते, तो घरात कुणाला आवडणार नाही. पार्ल्यात साधेपणाला मोठी प्रतिष्ठा आहे. कमी फर्निचर, खादीचा झब्बा, जुनीच गाडी, तिचाच रंग, तिचेच व्हीलकॅप. पण १९७८ मध्ये दारात स्वतःची मोटार असणं साधेपणाचं लक्षण नव्हतं. तो सपाट, बशीसारखा व्हीलकॅप ‘आमच्याकडे तेव्हापासून आहे’ हे न बोलता सांगतो. तोही एक दागिना आहे, फक्त तो ओळखायला त्याच आळीतलं असावं लागतं. सोळा इंची डायमंड कट चाकाला आपण दिखाऊ म्हणतो, कारण त्याचा दिखावा कुणालाही कळतो.

शिवाय हे आग्रह धरणाऱ्यांपैकी कुणालाही कार्ब्युरेटर कुठे असतो ते ठाऊक नाही. रविवारी गाडीखाली आडवा होतो तो मावसभाऊ. कलिना-कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, गॅरेजांच्या रांगेत, पार्टसाठी तासन्‌तास घालवतो तो. (या सीएसटीचा छत्रपती शिवाजी टर्मिनसशी संबंध नाही. नव्वदेक वर्षांपूर्वी थोडा काळ धावलेल्या सेंट्रल साल्सेट ट्रामवेचं ते नाव आहे. रेल्वे गेली, आद्याक्षरं राहिली.) गाडी आज चालू आहे ती त्याच्या हौसेवर. ती हौस चुकीची ठरवून फक्त श्रम घ्यायचे, हे मला बरोबर वाटत नाही.

म्हणून घराण्याचा मुद्दा मी बाजूला ठेवला आणि स्वतःला विचारलं: ही गाडी आमची नसती, आजोबांचं नाव तिच्याशी जोडलेलं नसतं, तर सोळा इंची चाकं मला खटकली असती का? खटकली असती. पाच इंचांच्या रबराचा हिशेब कुणाच्याही आजोबांवर अवलंबून नाही. आणि आठ काड्यांची चाकं? ती तेव्हाही चालली असती. लोखंडी रिमइतकी नाही, पण चालली असती. माझ्या नजरेला सगळ्यात चांगली दिसतील ती जुनीच, कडा सरळ करून, गंज ब्लास्टिंगनं काढून, शरीराच्या पिस्ता रंगात रंगवलेली. पण गाडी मी चालवत नाही.

रस्त्याचं मतही लोखंडाकडे थोडं झुकतं. लोखंडी रिम खड्ड्यात वाकतो आणि रिम सरळ करणारा तो ठोकून पूर्ववत करतो. ओतीव अलॉयला तडा जाऊ शकतो, आणि तडा गेलेलं चाक फेकावंच लागतं. उंच रबर धक्का खातं, त्यामुळे १४ इंचांच्या अलॉयला ही भीती कमी. सोळाला जास्त. डायमंड कटच्या कापलेल्या चेहऱ्यावर पारदर्शक लाखेचा थर असतो. फुटपाथला घासून तो एकदा उडाला की आपल्या दमट हवेत आतून पांढरी बुरशीसारखी नक्षी पसरते आणि पॉलिशनं जात नाही. ट्यूबलेस टायर लावायचे तर रिमच्या आतल्या अंगाला टायरची कड धरून ठेवणारा उंचवटा हवा. नव्या अलॉयला तो असतो, जुन्या लोखंडी रिमला नसतो. हा मात्र अलॉयच्या बाजूचा खराखुरा मुद्दा आहे.

मावसभावाला मी लिहिलं ते असं. पहिला फोटो नको, कारण वर दिलंय. तिसरा घे, पण पॉलिश करू नकोस, करडाच राहू दे. ऑर्डर देण्याआधी बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास स्वतः मोज, दुकानदाराच्या ‘बसेल हो’वर जाऊ नकोस. फियाटच्या उनो, पॅलिओ या गाड्यांना तो ९८ मिलिमीटर असायचा, बाजारात बहुतेक चाकं १०० ची मिळतात. दोन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं आणि बोल्ट आवळलेही जातात, पण तिरके बसतात आणि चालत्या गाडीत सैल होतात. ऑफसेटही बघ, नाहीतर वळताना टायर मडगार्डला घासेल. आणि लोखंडी रिम भंगारात देऊ नकोस. चारही नीट करून ठेव. नव्या इमारतीत स्टॅक पार्किंग आहे, गाडी पाळण्यात चढणार, तिथे रिम ठेवायला जागा नसेल तर माझ्या पलंगाखाली ठेव.

स्टेपनीचा प्रश्न त्यानं उत्तरात विचारला. ‘स्टेपनी’ हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आलाय. १९०४मध्ये तिथे जादा चाक विकायला सुरुवात झाली. आपण तो अजून वापरतो, इंग्रज केव्हाच विसरले. अलॉय चारच घ्यायचे तर स्टेपनी लोखंडीच राहणार. अलॉयचा मधला भाग जाड असतो, त्याला लांब बोल्ट लागतात. तेच लांब बोल्ट लोखंडी स्टेपनीला लावले तर मागे जास्त बाहेर येतात आणि ब्रेकच्या आतल्या भागाला लागू शकतात. तेव्हा जुन्या बोल्टांपैकी चांगले चार निवडून, ग्रीस लावून, बिस्किटाच्या एखाद्या रिकाम्या डब्यात डिकीत ठेवायचे, आणि डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचं: फक्त स्टेपनीसाठी.